सीटवरचा रुमाल उचला : अपडाऊन मंडळींना खुले पत्र

प्रति,
चाळीसगाव, कजगाव, नगरदेवळा, पाचोरा, म्हसावद, शिरसोली या स्टेशनांवरून जळगाव-भुसावळला रोज अपडाऊन करणारे सर्व पासधारक दादा, भाऊ, ताई, अक्का

स.न.वि.वि.

रेल्वेच्या साहेबांना लिहिलेली निवेदनं आपल्या ग्रुपवर दर आठ-पंधरा दिवसांनी फिरत असतात. मेमूचे डबे वाढवा, अमक्या एक्सप्रेसला थांबा द्या, सकाळची गाडी वेळेत सोडा. त्यातल्या बऱ्याच कागदांवर माझी सही आहे आणि पुढेही मागाल तिथे करीन. हे पत्र मात्र साहेबांना नाही, तुम्हाला आहे. मी पाचोऱ्याहून जळगावला नोकरीला जाते. तुमच्याच गाडीने, तुमच्याच डब्यातून. त्यामुळे 'बाहेरून बोलायला काय जातं' हे उत्तर इथे चालणार नाही.

मागणी एकच आहे. जो माणूस अजून गाडीत चढलेलाच नाही, त्याच्यासाठी जागा धरून ठेवायचं बंद करा. रुमाल, डब्याची पिशवी, पेपरची घडी, हेल्मेट, लेडीज डब्यात पर्स आणि स्कार्फ, जे काही सीटवर टाकत असाल ते उचला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासचे दिवस डोळ्यांपुढे आणा. लेकी माहेरी येतात-जातात ते हेच दिवस, आणि ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावता येत नाही. तेव्हाची गोष्ट. पाचोऱ्याला एक बाई चढली. कडेवर एक पोर, दुसरं पदराला धरून, हातात पत्र्याचा डबा. डब्यात कुरडया नाहीतर बिबड्या असणार, कारण गर्दीतही ती तो आडवा होऊ देत नव्हती. धक्के खात आमच्या कप्प्यापर्यंत आली. खिडकीजवळची जागा रिकामी होती. जागेवर निळा रुमाल, नीट चार घड्या घातलेला, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर चष्म्याची केस.

"जागा शे का भो?"

"आमचा माणूस आहे."

"कथा शे?"

"म्हसावदला चढंल."

बाईने वाद घातला नाही. डबा दोन बाकांच्या मधे पायाशी ठेवला, मोठ्या पोराला त्याच्यावर बसवलं, धाकट्याला कडेवर घेऊन वरचा दांडा धरला आणि उभी राहिली. परधाडे गेलं, माहेजी गेलं. म्हसावद आलं, आणि तो माणूस चढलाच नाही. कोणीतरी फोन लावला तर तो लग्नाला गेला होता, रजेवर. पुढे जे झालं त्यासाठी मी हे पत्र लिहितेय. रुमाल उचलला गेला, केस खिशात गेली, आणि पलीकडच्या बाकावर चौथा म्हणून दाटीने बसलेला ग्रुपमधलाच एक जण ऐसपैस त्या जागेवर सरकला. बाईकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. शिरसोलीला उतरायला उठलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी "बठ माय, बठ" म्हणत तिला आपल्या जागी बसवलं. तिथून जळगाव पुढचंच स्टेशन.

ती माणसं वाईट नव्हती. चांगली ओळखीची आहेत. घरी पाहुणा आला तर स्वतः जमिनीवर बसून त्याला खुर्ची देतील. डब्यात चढल्यावर मात्र कप्प्याचा सातबारा आपल्या नावावर झाल्यासारखं वागतात, आणि चूक काय हे विचारलं तर खरोखर चकित होतात.

पहिलं उत्तर ठरलेलं असतं. 'आम्ही पास काढतो, फुकट नाही जात.' तर त्या पासाचाच हिशेब करू. महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या पैशात येतो. तीन महिन्यांचा एकदम काढला तर महिन्याच्या 2.7 पटच द्यावे लागतात, म्हणजे आणखी स्वस्त. महिन्याचे पंचवीस दिवस गेलं-आलं तर पन्नास फेऱ्या होतात. फेरीमागे आपण तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पैसे देतो. डबा पायाशी ठेवून उभ्या राहिलेल्या बाईने पूर्ण तिकीट काढलेलं होतं. पैशाच्याच भाषेत बोलायचं तर त्या जागेवर तिचा हक्क आपल्या तिप्पट निघतो.

पासाची सवलत जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको. 150 किलोमीटरपर्यंत पास मिळतो म्हणूनच घर चाळीसगावला आणि नोकरी भुसावळला हे गणित आपल्याकडे बसतं. पोरींना पदवीपर्यंत आणि पोरांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज पास फुकट मिळतो, नाहीतर नगरदेवळ्या-कजगावच्या कितीतरी पोरी दहावीनंतर घरीच बसल्या असत्या. 1 जुलै 2025 ला भाडी वाढली तेव्हाही सीझन तिकिटाला हात लागला नाही. आपल्याला एवढं सांभाळून घेतलं जातं, तर आपणही थोडं सरकायला हरकत नसावी.

आता कायदा. 1989 च्या रेल्वे कायद्याचं कलम 155 आपल्याला अर्धंच पाठ आहे. रिझर्वेशनच्या डब्यात बिनाहक्क घुसलं तर दंड, हा त्याचा पहिला भाग. तो टीसी लोकांनी आपल्याला चांगला शिकवलाय. दुसऱ्या भागाबद्दल कोणी बोलत नाही. जो डबा राखीव नाही त्यात दुसऱ्या प्रवाशाला शिरायला जो प्रवासी अडवतो, त्यालाही दंड आहे, दोनशे रुपयांपर्यंत. एक्सप्रेसच्या जनरल डब्याचं दार आतून दाबून धरणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. आणि रुमालाने जागा राखता येते असं तर कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही.

हा ग्रुप काय चीज आहे हे मला कोणी समजावून सांगायला नको. इथे भिशी चालते, स्थळं जुळतात, कोणाचा बाप सिव्हिलमध्ये असला तर रक्त द्यायला जळगावात उतरल्या उतरल्या चार जण निघतात. मेथी इथेच निवडून होते. हिवाळ्यात कोणाच्या तरी डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी असते आणि ती सगळ्या कप्प्याला पुरते. सकाळी 'माहेजी सुटली' एवढा मेसेज पडला की म्हसावदची मंडळी घरातून निघतात. याइतकं अचूक कुठलंही ॲप नाही. पण त्याच मेसेजच्या खाली दुसरा येतो : 'मागून तिसरा डबा, दोन जागा धरल्या.' पहिल्या मेसेजने कोणाचं काही जात नाही. दुसऱ्याने जातं.

संध्याकाळी तर कळस होतो. गाडी सुटते भुसावळहून. तिथे चढणारे थोडे, जागा पुष्कळ. म्हणून भुसावळवाले जळगाववाल्यांसाठी बाकच्या बाक धरतात. जळगावच्या प्लॅटफॉर्मवर तोवर सगळा जिल्हा जमा झालेला असतो. एमआयडीसीतली चटई कारखान्याची पोरं, दाल मिलमधले कामगार, क्लासची मुलं, सिव्हिलमधून सुट्टी मिळालेला पेशंट आणि त्याला धरून आणणारी त्याची बायको. गाडी लागते, हे सगळे आत घुसतात, आणि बघतात तर काय, माणसं मोजकी आणि रुमाल सगळीकडे. ज्याचा ग्रुप नाही तो उभा. ज्याच्या पोटाला कालच टाके पडलेत तोही उभा, कारण त्याला ग्रुप नाही.

यावर तुमचं म्हणणं मला माहीत आहे. 'ताई, दिवसभर राबून संध्याकाळी बसायचंसुद्धा नाही का?' बसा की. तुम्ही आधी चढलात, जागा मिळाली, तर हक्काने बसा. वाद आहे तो न आलेल्या माणसाच्या जागेचा. आणि दमणूक म्हणाल तर ती सगळ्यांचीच आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून सरकारी कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आणि वेळ झाली पावणेदहा ते सव्वासहा. शनिवार सुटीचा मिळाला, पण सकाळची गाडी जरा रखडली की लेटमार्क, आणि संध्याकाळची लवकरची गाडी कायमची गेली. ही आपली कळ खरी आहे. पण कारखान्यातल्या त्या पोरांना शनिवारही नाही. (मुख्यालयी राहत असल्याचा दाखला देऊन घरभाडं उचलणारे आणि रोज गाडीत भेटणारे जे काही आहेत, त्यांच्याबद्दल या पत्रात मी काही लिहीत नाही. त्याला स्वतंत्र पत्र लागेल.)

आणखी एक गोष्ट सांगते, ती जास्त टोचेल. मार्च 2020 मध्ये गाड्या बंद झाल्या. परत सुरू झाल्या तेव्हा साध्या पॅसेंजरला एक्सप्रेसचं भाडं लागलं. दहा रुपयांचं कमीत कमी तिकीट तीस झालं आणि ते फेब्रुवारी 2024 च्या अखेरपर्यंत तसंच राहिलं. हे तीस रुपये कोणाच्या खिशातून जात होते? गाळणहून पाचोऱ्याला बाजाराला येणाऱ्या भाजीवालीच्या, परधाड्याहून दवाखान्यात जाणाऱ्या म्हातारीच्या. एका स्टेशनाला तीस, परत यायला तीस. पास पुन्हा मिळायला लागल्यावर आपल्याला या तिसाची झळ नव्हती, आणि झळ नव्हती म्हणून आपल्या ग्रुपवर त्याची फारशी चर्चाही नव्हती. निवेदनाचा मसुदा करताना मात्र 'सर्वसामान्य प्रवाशांचे अतोनात हाल' ही ओळ आपण पहिली घालतो. तो सर्वसामान्य प्रवासी कोण? तोच ना, ज्याला आपण 'आमचा माणूस आहे' म्हणून उभा ठेवतो? सह्या करायला तो का येईल? गाडीला डबे वाढवून मागायचे असतील तर नुसत्या पासधारकांच्या आकड्यावर कोणी हलत नाही. डब्यातल्या सगळ्यांना आपल्या बाजूला घ्यावं लागेल, आणि रोज सकाळी ज्याला हिडीसफिडीस केलं तो बाजूला येत नसतो.

लांब पल्ल्याच्या गाड्यांत आपण चढतो तेव्हाचा तोरा तर बघण्यासारखा असतो. महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरलमध्ये कोल्हापूर-पुण्याहून रात्रभर अवघडून आलेली माणसं असतात. कोणी संडासाच्या दाराशी चादर टाकून झोपलेलं. आपण पाचोऱ्याला चढतो आणि पहिलं वाक्य काय? "चलो उठो, सरको, पासवाले है." समोरचा गोंदियाचा, अस्सल मराठी बोलणारा असला तरी आपण हिंदीतच दरडावतो, कारण दरडावायला हिंदी बरी पडते. आपला प्रवास तासाभराचा, त्याचा रात्र आणि दिवस मिळून. तरी उठायचं त्याने.

हे असं वागताना आपलीच पोरं कुठे कुठे उभी असतात ते लक्षात घ्या. खानदेशातल्या किती घरांतून माणसं सुरतेला गेली, लिंबायत-उधन्यात राहिली, मार्केटात आणि लूमवर लागली. दिवाळीला, आखाजीला, लग्नाला ती ताप्ती लाइनने येतात. उधना, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, सगळ्या रस्त्याने डबा खचाखच. त्या डब्यातही रोजचे पासवाले आहेत, त्यांचेही रुमाल आहेत. आपला भाचा तिथे बॅग डोक्यावर धरून उभा राहतो आणि घरी येऊन सांगतो, 'मामा, बसू दिलं नाही.' मामा चिडतो. सोमवारी सकाळी हाच मामा म्हसावदच्या माणसासाठी रुमाल टाकतो.

लेडीज डब्याबद्दल पुरुष मंडळींना वाटतं तिथे सगळं गोडीगुलाबीचं असेल. तसं काही नाही. आमच्याकडे रुमालाऐवजी पर्स असते आणि "ती येतेय" हे वाक्य असतं, आवाज फक्त मऊ. नवी लागलेली नर्स, कॉलेजची पहिल्या वर्षाची पोर, पोटुशी बाई, यांना "इथे नाही, पुढे बघ" असं सांगताना आम्ही अजिबात मागे नाही. तेव्हा अक्का-ताईंनो, हे पत्र भावांना फॉरवर्ड करून मोकळ्या होऊ नका.

उपाय सोपा आहे आणि त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. जो चढला त्याची जागा. ग्रुपमधला पुढच्या स्टेशनला चढला तर त्याने उभं राहावं आणि आपल्यातल्याच कोणीतरी अर्ध्या वाटेत उठून त्याला बसवावं. पाचोऱ्याहून बसलेल्याने म्हसावदला उठायचं, चाळीसगावहून बसलेल्याने पाचोऱ्याला. आपली जागा आपल्या माणसाला द्या, वाटेल तितकी द्या. दुसऱ्याची देऊ नका. म्हातारं माणूस, पेशंट, लेकुरवाळी दिसली तर ग्रुपमधल्या सगळ्यात धडधाकट माणसाने उठायचं. हे दरवेळी एकाच गरीब स्वभावाच्या माणसावर ढकलायचं नाही. आणि भुसावळवाल्यांना विनंती की संध्याकाळी तुम्ही तुमच्यापुरते बसा. जळगाववाले मोठे आहेत, आपलं बघून घेतील.

जाता जाता दोन गोष्टी, कारण त्या जिवाशी खेळणाऱ्या आहेत.

एक, चेन. 'आमचा माणूस' प्लॅटफॉर्मवर धावत येतोय म्हणून चेन ओढायची ही आपली जुनी खोड. चेन ओढली की ब्रेकच्या पाइपातली हवा सुटते आणि गाडी थांबते. कुठल्या डब्यातून ओढली ते शोधून, पूर्ववत करून, हवेचा दाब परत भरेपर्यंत मिनिटं जातात. आपली लाइन मुंबई-हावडा मेन लाइन आहे, मागच्या सिग्नलला एकामागे एक गाड्या उभ्या राहतात. मग आपणच ग्रुपवर लिहितो, 'गाडी आज पण लेट.' कारण नसताना चेन ओढली तर कलम 141 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

दोन, उलट्या बाजूने उतरणं. पूल चढायचा कंटाळा म्हणून रुळाच्या बाजूने उड्या मारणारे आपल्यात रोज दिसतात. 22 जानेवारी 2025 ला माहेजी आणि परधाड्याच्या मधे काय झालं ते आपल्याला पेपरमधून कळायची गरज पडली नाही, तो आपला रोजचा रस्ता. पुष्पक एक्सप्रेसच्या जनरल डब्यात आग लागल्याची आवई उठली, चेन ओढली गेली, माणसं घाबरून शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडली. किमान 12 जण गेले. आग नव्हतीच. आता जळगावकडून तिसऱ्या-चौथ्या लाइनची कामं आहेत, जळगाव-मनमाड चौथ्या लाइनला नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. वर्षानुवर्षं आपल्या कानाला सवय दोनच रुळांची, अप आणि डाऊन. तिसऱ्या रुळावरून कुठल्या दिशेने काय येईल याचा अंदाज त्या सवयीला नाही. विजेवरची गाडी जवळ येईपर्यंत ऐकूही येत नाही. पूल चढा.

मोठ्याने रील्स लावणारे आणि खिडकीतून गुटखा थुंकणारे, तुमच्याबद्दल लिहायचं होतं, पण तुम्ही इतकं लांबलचक वाचत नसाल.

आमच्या कप्प्यातल्या आम्ही काही जणी येत्या सोमवारपासून पर्स मांडीवर ठेवणार आहोत. म्हसावदहून फोन आला, 'माझी जागा धर गं,' तर काय सांगायचं ते ठरलंय : "ये, दोघी उभ्या राहू."

कळावे,
आपली सहप्रवासी, पाचोरा

ता.क. मेंढीकोट खेळणाऱ्यांना : पत्त्यांवर माझा काही राग नाही. खेळ दोन-तीनदा तर बघण्यासारखाही रंगला होता. फक्त ती ब्रीफकेस टेबल म्हणून मांडताना ज्या अनोळखी माणसाच्या गुडघ्यावर टेकवता, त्याला आधी विचारत जा. आणि हुकूम ठरवताना इतका आरडाओरडा केला नाही तरी चालेल, पलीकडे पोरं परीक्षेचं वाचत असतात.